साल्हेर–मुल्हेर परिसरातील गिरिभ्रमण

साल्हेर–मुल्हेर परिसर हा महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्याच्या पश्चिम भागातील दुर्गम डोंगराळ प्रदेश आहे. सह्याद्रीच्या सेलबारी आणि डोलबारी या उपरांगांवर येथे साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरागड, हरगड व न्हावीगड हे किल्ले आणि मांगी-तुंगी ही जैन सिद्धक्षेत्राची जुळी शिखरे आहेत. १,५६७ मीटर (५,१४१ फूट) उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला असून, कळसूबाई (१,६४६ मीटर) खालोखाल राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे शिखर म्हणून तो ओळखला जातो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत नाशिक जिल्ह्यातील एकमेव किल्ला साल्हेर हा आहे.

त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरी परिसरातील किल्ले नाशिकहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतके जवळ आहेत. साल्हेर–मुल्हेरचे तसे नाही. अंतर मोठे, एसटीच्या फेऱ्या मोजक्या, गडांवरचे पाणी ऋतूनुसार बदलणारे आणि मोठे रुग्णालय दूर, अशा परिस्थितीत येथील भटकंतीचे यश चढण्याच्या कसबापेक्षा घरी बसून केलेल्या आखणीवर अधिक अवलंबून असते.

स्थान व भूरचना

बागलाण हे तालुक्याचे नाव असून त्याचे मुख्यालय सटाणा येथे आहे. ‘बागलाण’ हे नाव येथे दीर्घकाळ राज्य केलेल्या बागूल राजांवरून पडले असे मानले जाते. उत्तर–दक्षिण धावणाऱ्या सह्याद्रीच्या मुख्य रांगेचा महाराष्ट्रातील आरंभ याच भागात होतो, आणि तिच्यापासून फुटलेल्या उपरांगा पूर्वेकडे पसरत जातात. ‘बारी’ म्हणजे डोंगर ओलांडण्याची खिंड. सेलबारी, डोलबारी, भावडबारी ही नावे त्यावरूनच आली आहेत. पश्चिमेला गुजरातमधील डांगचा वनप्रदेश लागतो. मोसम नदी याच डोंगरांत उगम पावून मुल्हेर, ताहराबाद, नामपूर या गावांवरून वाहत मालेगावजवळ गिरणेला मिळते. तिच्यावर मुल्हेरजवळ हरणबारी धरण बांधलेले आहे.

येथील डोंगर दख्खनच्या काळ्या कातळाचे, म्हणजे बेसॉल्टचे आहेत. लाव्हारसाचे थर एकावर एक आडवे साचल्यामुळे डोंगराला पायऱ्यापायऱ्यांची ठेवण आली आहे: एक उभा कडा, त्यावर सपाट पदर, पुन्हा कडा. ही रचना ध्यानात घेतली की किल्ल्यांचे स्थापत्य आणि वाटांचे स्वरूप दोन्ही उलगडते. जेथे कडा फुटलेला आहे तेथून वाट चढते. जेथे तो अभेद्य आहे तेथे कातळ खोदून पायऱ्या व दरवाजे केलेले दिसतात. पदरावर माची, मंदिरे आणि तलाव असतात, तर कड्याच्या पोटातील मऊ थरात गुहा व पाण्याची टाकी कोरलेली असतात. कड्याखालच्या उतारावर मात्र सुटे दगड आणि मुरूम साचतो. गिरिभ्रमण करणारे त्याला ‘घसारा’ म्हणतात. चढताना तो फारसा जाणवत नाही, उतरताना मात्र त्यावर पाय ठरत नाही.

इतिहास

मुल्हेर हे बागूल राजांचे राजधानीचे ठिकाण होते. त्याचे जुने नाव मयूरगिरी. राजा नारायणशाह याच्या आश्रयाने रुद्रकवी याने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ हे संस्कृत काव्य रचले. बागलाणच्या राजवंशाच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन आहे. गुजरातच्या बंदरांकडून दख्खनेत येणारा व्यापारी मार्ग या मुलखातून जात असल्याने बागलाणवर ताबा असणे प्रत्येक सत्तेला हवे होते. शाहजहानच्या काळात, १६३८ मध्ये, दख्खनचा सुभेदार असलेल्या शाहजादा औरंगजेबाच्या फौजांनी मुल्हेर जिंकले आणि बागूलांचे राज्य संपुष्टात आले.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये साल्हेर स्वराज्यात आणला. तो परत मिळवण्यासाठी मोगलांनी किल्ल्याला वेढा घातला. १६७२ च्या फेब्रुवारीत सरनोबत प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांच्या फौजांनी गडाखालच्या मैदानात इखलासखान व बहलोलखान यांच्या सैन्याचा पराभव करून तो वेढा मोडला. मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात समोरासमोर दिलेली ही मोठी लढाई होय. तीत सूर्याजी काकडे हे वीर धारातीर्थी पडले. सभासद बखरीत या युद्धाचे वर्णन आहे. गडाच्या माथ्यावरून खालचा मुलूख पाहिल्यावर या वेढ्याचा विस्तार किती असेल याची कल्पना येते. पुस्तकातील नकाशा ते काम करीत नाही.

साल्हेरशी परशुरामाची कथा जोडलेली आहे. सर्व पृथ्वी दान केल्यानंतर परशुरामाने याच शिखरावरून बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकणची भूमी निर्माण केली, अशी श्रद्धा आहे. शिखरावर परशुरामाच्या पादुकांचे छोटे मंदिर आहे.

हवामान व योग्य काळ

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. त्यातही नोव्हेंबर व डिसेंबर अधिक चांगले, कारण टाक्यांत पाणी असते, झरे पूर्ण आटलेले नसतात आणि दुपारचे ऊन सोसवते. मात्र पावसाळा संपताच गेल्यास कंबरभर वाढलेल्या गवतात वाट हरवते. तेच गवत जानेवारीनंतर वाळून कोळ होते आणि वणव्याचे भय निर्माण होते.

हिवाळ्यातील दोन गोष्टींचा हिशेब बहुधा चुकतो. पहिली थंडी. बागलाणच्या दऱ्यांत रात्री पारा बराच खाली उतरतो आणि साल्हेरसारख्या उघड्या माथ्यावर वारा अखंड असतो, त्यामुळे खालच्या गावात चादर पुरली म्हणून वर ती पुरत नाही. दुसरी गोष्ट दिवसाची लांबी. डिसेंबरच्या मध्यास नाशिक परिसरात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. पूर्वेकडच्या उतारावर सूर्य कड्याआड जाऊन अंधार त्याहून लवकर दाटतो. चालण्यासाठी हाती येणारे तास दहा ते अकराच, आणि त्यांत न्याहारी, जेवण, छायाचित्रे व मागे राहिलेल्या सोबत्याची वाट पाहणे हे सारे बसवावे लागते.

मार्च ते मे या काळात कातळ तापतो, सावली जवळजवळ नसते आणि अनेक टाकी कोरडी पडतात. पावसाळ्यात डोंगर अतिशय देखणा दिसतो, परंतु धुक्यामुळे दहा पावलांवरचे दिसत नाही आणि कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर शेवाळ साचते. सालोटा आणि न्हावीगड या काळात टाळणेच शहाणपणाचे. पावसातच जायचे असेल तर मुल्हेरच्या माचीपर्यंतचा फेरफटका पुरेसा आनंद देतो.

किल्ले व त्यांचा क्रम

सर्व सहा किल्ले आणि मांगी-तुंगी पाहण्यास सवडीने चार दिवस लागतात. तीन दिवसांत ते होते, पण दमछाक होते. दोन दिवसांत सर्व पाहण्याचा अट्टहास ही या भागातील सर्वाधिक आढळणारी आणि सर्वाधिक धोक्याची योजना होय. दोनच दिवस असल्यास एक साल्हेरला व एक मुल्हेरला द्यावा. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींनी तर याहून अधिक काही ठरवू नये.

साल्हेरवर जाण्याच्या दोन प्रमुख वाटा आहेत. वाघांबे गावातून निघणारी वाट साल्हेर आणि सालोटा यांमधील खिंडीत चढते. तेथपर्यंत दीड ते दोन तास लागतात. खिंडीतून साल्हेरच्या बाजूस वळल्यावर कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे आणि कड्याच्या पोटातील गुहांची रांग लागते. ही आडवी वाट एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस दरी अशी जाते. वाट रुंद असली तरी वारा असताना सांभाळून चालावे लागते. तेथून माथ्याच्या पठारावर पोचता येते. पठारावर गंगासागर तलाव, रेणुकादेवीचे मंदिर, जुन्या वाड्यांची जोती आणि गुहा आहेत. पायथ्यापासून पठारापर्यंत एकंदर तीन ते चार तास धरावेत. तेथून परशुरामाच्या मंदिराचा शेवटचा चढ छातीवरचा आहे. माथ्यावरून पूर्वेस सालोटा अगदी समोर दिसतो, त्यापलीकडे हरगड, मुल्हेर, मोरागड, आणि हवा स्वच्छ असल्यास मांगी-तुंगीचे दोन सुळके ओळखू येतात.

दुसरी वाट साल्हेरवाडीतून येते. तीही पायऱ्या व दरवाज्यांची असून तुलनेने मळलेली आहे. वाघांब्याकडून चढून साल्हेरवाडीत उतरल्यास गड आरपार पाहून होतो, म्हणून अनेक जण तसे करतात. परंतु स्वतःचे वाहन वाघांब्यात उभे करून दुसऱ्या बाजूस उतरले तर संध्याकाळी थकलेल्या पायांनी रस्त्याने वळसा घालून वाहनापर्यंत जावे लागते. चालकास आधीच साल्हेरवाडीत पाठवणे किंवा गावातील एखादी जीप सांगून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे. तो चढण्यापूर्वी करावा लागतो. माथ्यावर दूरध्वनीला संपर्क मिळेलच याची शाश्वती नाही.

सालोटा हा साल्हेरचा जोडकिल्ला. खिंडीतून त्यावर जाण्यास फार वेळ लागत नाही, परंतु घसारा आणि अरुंद खोदीव पायऱ्या यांमुळे तो साल्हेरपेक्षा अवघड आहे. तो पाहायचा असल्यास सकाळी चढतानाच, पाय ताजे असताना पाहावा. साल्हेर पाहून परतताना ‘आता एवढा जवळ आहेच’ म्हणून दुपारी सालोट्याकडे वळणे बरे नव्हे. हिवाळ्याच्या दिवसांत वेळेचा अंदाज असा बांधता येतो: साडेसहाला वाघांब्यातून प्रस्थान, साडेआठला खिंड, अकरापर्यंत सालोटा पाहून परत खिंडीत, दीडच्या सुमारास साल्हेरचे पठार. दुपारी दोन वाजता गट जेथे असेल तेथून परतीचा विचार सुरू व्हावा, मग माथा राहिला तरी चालेल. पठारावरील गुहेत मुक्काम करणार असल्यास हे बंधन शिथिल होते, पण त्याबरोबर अंथरूण-पांघरूण आणि शिधा यांचे ओझे पाठीवर येते, आणि ओझ्यासह चढण्यास तासभर तरी अधिक लागतो.

मुल्हेर हा या परिसरातील सर्वांत विस्तीर्ण आणि पाहण्याच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध किल्ला. मुल्हेर गावातून पायथ्याशी जाता येते. माचीवर गणेश मंदिर व त्यापुढील तलाव, सोमेश्वराचे मंदिर, राजवाड्याचे अवशेष आणि मोती टाके आहे. झाडी दाट असल्याने माचीवर वाटांचे जाळे झाले आहे, आणि गुरे चरण्याच्या ढोरवाटा खऱ्या वाटेइतक्याच मळलेल्या असल्याने नवखा माणूस हमखास फसतो. बालेकिल्ल्यावर भडंगनाथाचे मंदिर, टाकी आणि वाड्यांची जोती आहेत. मुल्हेर मध्ये, मोरागड एका बाजूस आणि हरगड दुसऱ्या बाजूस, आणि तिघांमध्ये खिंडी, अशी ही रचना आहे. मुल्हेर व मोरागड एका दिवसात होतात. हरगडही त्याच दिवशी जोडायचा तर पहाटे निघावे लागते आणि वाटाड्या सोबत असावा लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हरगडाचा मोह सोडून माचीवरील अवशेषांना वेळ दिलेला बरा.

मांगी-तुंगीला पायथ्यापासून पायऱ्या असून त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. दोन्ही शिखरांच्या कातळात तीर्थंकरांच्या मूर्ती असलेल्या लेणी आहेत. मांगीच्या कड्यात अखंड पाषाणातून कोरलेल्या भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच मूर्तीची प्रतिष्ठापना फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली. हे तीर्थक्षेत्र असल्याने येथील पथ्ये पाळावी लागतात. सिद्धक्षेत्राच्या आवारात मांसाहार, मद्य वा धूम्रपान चालत नाही. जवळच्या न्हावीगडावर जाण्यासाठी पाताळवाडी हे पायथ्याचे गाव. त्याचा शेवटचा टप्पा अरुंद व निसरडा असल्याने अनुभवी सोबत्याशिवाय जाऊ नये.

पाण्याची सोय

आखणी पाण्यापासून सुरू करावी असे या भागातील जाणकार सांगतात. गडावर टाकी पुष्कळ आहेत, परंतु प्रत्येक टाक्याचे पाणी पिण्यायोग्य नसते. काही टाक्यांत गुरे उतरतात, काही शेवाळाने भरलेली असतात, काही फेब्रुवारीतच तळ गाठतात. कोणत्या टाक्याचे पाणी आज पितात हे पायथ्याच्या गावातच विचारून घ्यावे. जुन्या पुस्तकातील वा परिचितांच्या दोन वर्षांपूर्वीच्या माहितीवर विसंबू नये. हिवाळ्यात दिवसभराच्या चालीसाठी माणशी तीन ते चार लिटर पाणी लागते. त्यातील किमान दोन लिटर पायथ्यापासून भरून न्यावे आणि गडावरचे पाणी उकळून अथवा क्लोरिनच्या गोळ्या टाकून प्यावे. दहा जणांचा गट असेल तर हा हिशेब चाळीस लिटरांपर्यंत जातो, म्हणजे चाळीस किलो वजन. अननुभवी गट बहुधा येथेच काटकसर करतात आणि दुपारी त्याची किंमत मोजतात.

यास दुसरी बाजूही आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगरपाड्यांवरील स्त्रियांना पाण्यासाठी लांब जावे लागते. तीस-चाळीस जणांच्या गटाने पाड्यावरील विहिरीतून पाणी उपसणे, अथवा गडावरच्या पिण्याच्या टाक्यात पाय धुणे वा पोहणे, हा त्या गावावर केलेला अन्याय आहे. मोठ्या गटाने पाणी सटाण्याहून वा ताहराबादहून जारमध्ये आणावे.

निवास व भोजन

मांगी-तुंगी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आहेत. मुल्हेर गावात मंदिरांच्या आवारात, तर साल्हेरवाडी व वाघांबे येथे गावकऱ्यांच्या घरी किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात, विचारणा करून मुक्काम करता येतो. शाळेच्या वऱ्हांड्यात राहिल्यास सकाळी मुले येण्यापूर्वी जागा झाडून रिकामी करावी, हे सांगावे लागू नये. साल्हेर हा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीतील स्मारक आहे. जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यानंतर गडावरील मुक्कामाबाबतचे नियम बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

जेवणासाठी ताहराबाद आणि सटाणा येथे खानावळी आहेत. त्यापुढे आदल्या दिवशी निरोप पोचवल्यास गावातील घरी भाकरी, पिठले किंवा उडदाची आमटी आणि ठेचा असे जेवण मिळते. पूर्व बागलाणात बाजरी, तर डांगलगतच्या पाड्यांवर नागली आणि भात हे मुख्य अन्न. जेवणाचे पैसे आधी ठरवून द्यावेत. यजमान संकोचाने मागत नाहीत, आणि शहरी पाहुणे ‘त्यांनी मागितलेच नाहीत’ म्हणून निघून जातात, असे होऊ नये.

स्थानिक समाज व डोंगऱ्यादेव

मोसम खोऱ्यातील गावांत अहिराणीच्या जवळची बागलाणी बोली, तर डोंगरपाड्यांवर कोकणा व भिल्ल समाजांच्या बोली बोलल्या जातात. वाटाड्या बहुधा यांपैकीच एखाद्या घरचा असतो. त्याच्याकडे केवळ वाट दाखवणारा म्हणून पाहिल्यास पुष्कळ गमावले जाते. झाडांची नावे, औषधी मुळ्या, पक्ष्यांचे आवाज आणि कोणत्या कड्यात मधमाश्यांची पोळी आहेत हे सारे त्याला ठाऊक असते. साग, मोह, पळस, धावडा या झाडांचे येथील जीवनातील स्थान त्याच्याकडूनच कळते.

मार्गशीर्ष महिन्यात, म्हणजे बहुधा डिसेंबरात, बागलाण, कळवण व सुरगाणा या भागांतील कोकणा, भिल्ल इत्यादी आदिवासी समाजांत डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. या उत्सवात डोंगर हाच देव असतो. व्रत घेतलेले पुरुष, ज्यांना माउल्या म्हणतात, काही दिवस कडक नेम पाळतात, पावरीच्या सुरावर फेर धरून नाचतात, आणि पौर्णिमेच्या सुमारास रात्री डोंगरातील देवाच्या स्थानी, बहुधा एखाद्या कपारीशी वा गुहेशी, जाऊन पूजा करतात. गिरिभ्रमणाचा हंगाम आणि हा उत्सव एकाच वेळी येतात, ही आखणी करताना ध्यानात ठेवण्याजोगी बाब आहे. ज्या गुहेत मुक्काम करण्याचा बेत आहे ती त्या रात्री कोणाचे तरी देवस्थान असू शकते. माउल्यांना स्पर्श करणे, नाच चालू असताना प्रखर दिवे मारणे किंवा न विचारता चित्रण करणे अनुचित मानले जाते. गावात आधी विचारल्यास बहुधा पाहण्याची मुभा मिळते, आणि असा अनुभव कोणत्याही माथ्यावरील सूर्योदयाहून कमी नसतो. त्या दिवसांत वाटाडे मिळणे मात्र कठीण असते.

मुल्हेर गावात उद्धव महाराजांच्या मंदिरात कोजागरी पौर्णिमेला रासक्रीडेचा उत्सव होतो. सटाण्यात देव मामलेदार म्हणून पूजनीय असलेल्या यशवंतराव महाराजांची यात्रा मार्गशीर्ष वद्य एकादशीपासून भरते. तेव्हा सटाण्यातील मुक्कामाच्या जागा आणि बस दोन्ही भरलेल्या असतात.

धोके व मदत

या परिसरातील अपघातांची शक्यता मुख्यतः उतरताना, संध्याकाळी आणि वाट सोडल्यावर निर्माण होते. पाय मुरगळणे ही शहरात क्षुल्लक वाटणारी दुखापत येथे संपूर्ण गटाचा दिवस संपवते, कारण जखमीला पायऱ्यांवरून उचलून आणण्यास सहा-आठ धडधाकट माणसे आणि चढण्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. कड्यांवर आग्या मोहोळ असतात. तीव्र सुगंधी द्रव्ये, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. त्या उठल्यास हातपाय झाडत धावण्याऐवजी अंग व चेहरा जाड कापडाने झाकून शांतपणे तेथून दूर व्हावे, मात्र कड्याच्या काठाचे भान सुटू देऊ नये. दगडांच्या कपारीत फुरसे व घोणस हे विषारी साप आढळू शकतात. दंश झाल्यास चिरा देणे, घट्ट आवळून बांधणे वा भगताकडे वेळ घालवणे टाळावे. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून शक्य तितक्या लवकर सर्पविषरोधक लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. मोठी रुग्णालये मालेगाव व नाशिक येथे असल्याने रुग्ण तेथे पोचेपर्यंत कित्येक तास जातात. नाशिकमध्ये वैनतेय गिर्यारोहण व गिरिभ्रमण संस्थेसारख्या अनुभवी संस्था कार्यरत असून नवख्यांनी पहिली मोहीम अशा संस्थेसोबत करणे हितावह ठरते. व्यावसायिक आयोजकासोबत जाताना त्याची नोंदणी, प्रशिक्षित प्रमुखांची संख्या आणि प्रथमोपचाराची तयारी विचारून घ्यावी. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून आयोजकांची नोंदणी व सुरक्षिततेची मानके त्यात आहेत. विचारणा केल्यावर जो आयोजक रागावतो त्याच्यासोबत जाऊ नये.

गटाच्या याद्या दोन कराव्यात. एक घरी आणि एक पायथ्याच्या गावात, सरपंच, पोलीस पाटील किंवा ज्याच्या घरी मुक्काम केला त्याच्याकडे. यादीत नावे, वय, रक्तगट, जायची-यायची वाट आणि ‘अमुक वाजेपर्यंत न आल्यास शोध घ्यावा’ ही वेळ लिहावी. घरी ठेवलेल्या यादीचा उपयोग दुसऱ्या दिवशी होतो, गावातील यादीचा त्याच रात्री.

वनक्षेत्रात आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. जानेवारीनंतर वाळलेल्या गवतात एका ठिणगीने डोंगर पेटतो, तेव्हा रात्रीची शेकोटी हा विषय आखणीतून पूर्णपणे वगळावा आणि स्वयंपाक पायथ्याशी उरकावा.

कसे जाल

नाशिकहून मुंबई–आग्रा महामार्गाने चांदवडपर्यंत आणि तेथून भावडबारी घाटाने देवळामार्गे सटाणा गाठता येते. नाशिक–सटाणा अंतर सुमारे ९० कि.मी. आहे. सटाण्याहून ताहराबाद, आणि ताहराबादहून एक फाटा मांगी-तुंगीकडे व दुसरा रस्ता मुल्हेरमार्गे साल्हेरकडे जातो. नाशिकहून मांगी-तुंगी सुमारे सव्वाशे कि.मी. पडते. रेल्वेने येणाऱ्यांना मनमाड किंवा नाशिक रोड ही स्थानके सोयीची आहेत. सटाण्यापर्यंत एसटीची सोय चांगली आहे, पुढे मुल्हेर व साल्हेरकडे फेऱ्या कमी आहेत. ताहराबादहून खाजगी जीप मिळतात, पण त्या प्रवासी भरल्यावरच सुटतात आणि अंधार पडल्यावर बहुधा मिळत नाहीत. परतीच्या बसची वेळ सटाणा आगारात आदल्या दिवशीच विचारून घ्यावी, आणि मुक्कामी येणारी शेवटची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे तेथूनच सुटते का, हेही त्याच वेळी विचारावे. तसे असल्यास आदल्या रात्री गावात राहून पहाटेच्या गाडीने परतणे सर्वांत स्वस्त पडते.